नाकवाले आणि खालची खोली

नाकवाले हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच सुखानं नांदत होतं. कार्यालयात शिपायापासून मोठ्या मॅडमपर्यंत सगळे त्यांना नाकवालेच म्हणत. कुणी चुकून आडनावानं हाक मारलीच, तर दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत असं समजून ते खाली मान घालून गठ्ठा बांधत राहत.

नावाला कारण होतं. जुन्या फाइलीचा नुसता वास घेऊन ते तिचं साल सांगायचे. वरून कुणी तपासणीला आलं, की चहा झाल्यावर त्याला तळघरात आणत आणि म्हणत, "कुठलीही फाइल काढा साहेब, आणि वरचा कागद झाका." पाहुणा फाइल काढायचा. नाकवाले ती मधोमध उघडायचे, नाकाशी न्यायचे आणि पोटापासून श्वास ओढायचे. मग डोळे मिटून तो श्वास चार-पाच क्षण छातीत तसाच धरून ठेवायचे, जसा चवीचा घास लगेच गिळवत नाही तसा. "अठ्ठ्याहत्तर," ते म्हणायचे. कागद बाजूला केला की अठ्ठ्याहत्तर सालच निघायचं. चुकलेच तर एका वर्षानं, आणि तेही ज्या वर्षी संडासाचा मोठा पाइप फुटला होता त्याच्या आसपासच्या फायलींत.

"यात जादू काही नाही हो," असं ते म्हणत, पण आवाजात जादूगाराचाच तोरा असे. "सत्तरपर्यंत चिकटवायला पिठाची खळ वापरायचे. तिचा वास आंबूस. पुढं बाटलीतला डिंक आला, तो गोडसर. ब्याऐंशीला पाइप फुटला, त्या दोन रांगांना ओल्या मोज्यांचा वास. बाकी सगळी सवय."

हे कार्यालय लोकांना घरं बांधायची परवानगी देणारं. नकाशे यायचे, तपासले जायचे, त्यांवर लाल शाईनं शेरे पडायचे. स्वयंपाकघराला खिडकी लहान आहे, परत. न्हाणीघराला झरोका नाही, परत. एकेका खिडकीपायी लोकांनी वर्ष-वर्ष खेटे घातलेत तिथं. आणि ज्या खोलीत त्या सगळ्या खिडक्यांच्या फायली जमा होत, त्या खोलीला मात्र एकही खिडकी नव्हती. होता एक झरोका, तोही वरचे संडास वाढवले तेव्हा विटा लावून बुजवलेला. बावीस पायऱ्या उतरून खाली जायचं. लोखंडी मांडण्यांच्या अकरा रांगा, दोन ट्यूबलाइट, आणि मागच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत चढलेला काळा-हिरवा डाग. दर दोन वर्षांनी त्यावर चुना मारत, आणि दोन महिन्यांत डाग पुन्हा वर यायचा. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. भिंत आहे, ओल धरणारच, एवढंच.

नाकवाल्यांचं तर नव्हतंच. चोविसाव्या वर्षी ते त्या खोलीत गेले ते छप्पन्नाव्या वर्षापर्यंत तिथंच राहिले. त्यांचा मेव्हणा दगड फोडायच्या यंत्रावर कामाला होता. तो घरी आला की त्याच्या भुवयांवरची पांढरी भुकटी पाहून नाकवाल्यांना गलबलून यायचं. "अरे, काय ही धूळ! तोंडाला फडकं तरी बांध," असं ते पोटतिडकीनं सांगायचे, आणि मग बायकोकडं वळून म्हणायचे, "आपलं बघ. सावलीतली नोकरी. कागद आणि आपण."

सावलीतल्या नोकरीत त्यांना गेली सहा-सात वर्षं संध्याकाळी ताप यायचा. घरी येऊन हातपाय धुतले, की तासाभरात अंगात कणकण भरायची, कोरडा खोकला सुटायचा, सांधे ठणकायचे. सकाळी उठावं तो सगळं साफ. घरात त्याला 'सातचा ताप' असंच नाव पडलं होतं. बायको घरीच शाळेचे गणवेश शिवायची. ती मशीन थांबवून कपाळाला हात लावायची आणि पुन्हा पायडल मारायला लागायची, इतकं ते सवयीचं झालं होतं. रविवारी मात्र ताप यायचा नाही. त्याचीही नाकवाल्यांनी थट्टाच केली. "बघ, सुट्टीच्या दिवशी मी आजारीसुद्धा पडत नाही, इतका मी सरकारचा माणूस!" सोमवारी तो दुप्पट जोरानं यायचा, तर म्हणायचे, सोमवारी कुणाला बरं वाटतं?

हळूहळू बावीस पायऱ्या एका दमात चढणं सुटलं. अकराव्या पायरीवर थांबून ते खिशातली यादी काढत आणि काहीतरी महत्त्वाचं आठवल्यासारखी वाचत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, माणूस कामात आहे. पट्ट्याला बायकोनं दाभणानं दोन नवीन भोकं पाडून दिली होती. वय झालं, एवढ्या एका वाक्यावर घरातल्या सगळ्यांनी ते प्रकरण मिटवून टाकलं होतं.

आणि मग लेकीला नोकरी लागली.

लेक सव्वीस वर्षांची, पदवीधर, चष्मेवाली, पण घरात नाव माऊ. परीक्षा देऊन, यादीत वरचा नंबर काढून ती बापाच्याच कार्यालयात कारकून झाली. नाकवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं. निवृत्तीला दोन वर्षं होती, पण पायऱ्या झेपत नव्हत्या. ते सरळ मॅडमच्या टेबलापुढं जाऊन उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. "मॅडम, खालची खोली पोरीला द्या. मी शिकवून तयार करतो आणि वरच्या टेबलावर येतो." मॅडमना काय, त्या खोलीत जायला दुसरं कुणी तयारच नसायचं. त्यांनी लगेच होकार दिला.

माऊला बापाचं नाक मिळालं होतं. ती लहान असताना नाकवाले कधीमधी एखादा फाटका, टाकाऊ कागद घरी आणून तिला ओळखायला लावत, आणि ती ओळखायची. आता खालच्या खोलीत पहिल्याच दिवशी तिनं एक गठ्ठा नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, "पंच्याऐंशी?" पंच्याऐंशीच निघालं. वरचं सगळं कार्यालय जिना उतरून बघायला आलं. मॅडम हसून म्हणाल्या, "चला, नाक वारसाहक्कानं चाललं!" नाकवाल्यांची छाती फुगली, म्हणजे त्या छातीला जेवढं फुगता येत होतं तेवढी.

तीन आठवडे शिकवणी चालली. चौथ्या आठवड्यात एका सकाळी ते घरातून मेव्हण्याशी फोनवर बोलत होते आणि वाक्य पुरं होईना. "मी... उद्या... येतो..." एवढ्या तीन शब्दांना तीन श्वास लागले. बायकोनं मशीनवरचं कापड तसंच सोडलं, त्यांच्या हातातून फोन घेतला आणि त्यांना धरून छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. नाकवाल्यांनी कुरकुर केली, पण कुरकुरीलाही दम लागतो.

डॉक्टर वयानं माऊपेक्षा थोडीशीच मोठी असलेली बाई होती. तिनं त्यांना एका नळीत जोरानं फुंकायला लावलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आकडा बघून तिनं तो कागदावर उतरवला. छातीचे फोटो काढायला पाठवलं. फोटो आले, तेव्हा ती ते उजेडावर धरून बघत राहिली. मग तिनं खुर्ची पुढं ओढली.

"काका, कबुतरं पाळता?"

"छे हो."

"कोंबड्या? गोदामात काम? भुसा, गवत, ओलं धान्य?"

"अहो, नाही. सावलीतली नोकरी माझी. कागद सांभाळतो. जुने."

"कुठं सांभाळता?"

नाकवाल्यांनी सांगितलं. खोलीचं सांगितलं, पायऱ्यांचं सांगितलं, आणि सांगता सांगता गाडी नेहमीच्या रुळावर गेली आणि त्यांनी वासाचंही सांगितलं. खळीची सालं, डिंकाची सालं, ओल्या मोज्यांच्या दोन रांगा. डॉक्टरबाईचं पेन मध्येच थांबलं.

"कसा घेता वास? दाखवा बरं." तिनं टेबलावरचं पॅड पुढं केलं.

नाकवाल्यांनी अगदी हौसेनं ते उघडलं, नाकाशी नेलं आणि पोटापासून श्वास ओढला. तो छातीत धरायच्या आधीच खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबायला दोन मिनिटं गेली. बायको पाठीवरून हात फिरवत राहिली.

"असं दिवसातनं किती वेळा?"

"तीसेक वेळा... होतच असेल."

"किती वर्षं?"

"बत्तीस."

तिनं पॅडवर गुणाकार केला आणि पॅड त्यांच्याकडं फिरवलं. अडीच लाखांच्या वर आकडा होता. नाकवाले त्याकडं बघत राहिले. एवढी तर त्या खोलीत पानंही नसतील, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

"काका, तुम्ही वास घेता तो कागदाचा नाही," डॉक्टरबाई म्हणाली. ती सावकाश बोलत होती, पण तिचाही चेहरा उतरला होता. "तो बुरशीचा आहे. प्रत्येक सालाची बुरशी वेगळी, म्हणून वास वेगळा. तिची बी इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही, आणि ती धुळीबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. शरीर तिच्याशी भांडतं. तुमचा सातचा ताप म्हणजे ते भांडण. रोज भांडून भांडून फुप्फुस आतून कडक झालंय. स्पंजाचा पुठ्ठा होतो तसं."

"परत मऊ होईल ना?" बायकोनं विचारलं.

"जे झालंय ते नाही होणार. जे उरलंय ते टिकेल, पण त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आजपासून." मग तिनं चिठ्ठी लिहायला घेतली आणि मान वर न करता विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कुणी असतं का तिथं?"

त्या दवाखान्यात पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं, ते सगळं नाकवाल्यांना एकाएकी ऐकू येईनासं झालं. उत्तर बायकोनं दिलं.

"आमची मुलगी. तीन आठवडे झाले." आणि मग तिचा आवाज चिरकला. "परवापासनं तिलाही संध्याकाळी कणकण येतेय. मला वाटलं, नवी नोकरी, दगदग..."

"तिला आधी बाहेर काढा," डॉक्टरबाई म्हणाली. "सगळ्यांनाच हे होत नाही. पण तिला लागायला लागलंय, असं दिसतंय. आत्ता बाहेर आली तर पूर्ण बरी होईल. तुमच्यासारखी तिथं मुरली, तर मी काही करू शकणार नाही." चिठ्ठी देताना ती आणखी एक गोष्ट म्हणाली. "तुमच्या आधी त्या खोलीत जे होते त्यांचं काय झालं, एवढं मला कळवाल का? ऑफिसला पत्र देताना जोर येईल."

घरी माऊनं सगळं ऐकून घेतलं आणि ती चिडली. घाबरलेली माणसं चिडतात तशी. "बाबा, महिना नाही झाला मला लागून. आत्ताच बदली मागितली तर कामचुकार म्हणतील. उद्या दुपारी चार्ज घेतल्याची सही आहे माझी. मॅडमनी कागद तयार ठेवलाय. मी तोंडाला मास्क लावीन, झालं?"

"अगं, माझं ऐक..."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, मास्क लावला तर साल कळत नाही? तुम्ही बत्तीस वर्षं काढलीत. तुमच्या आधीच्यांनीही काढलीच असतील की! कागदांनी कुणी मरतं का, बाबा?"

नाकवाले म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस, वाद घालायची सवय नाही. पण त्यांना एक गोष्ट येत होती, जी त्या कार्यालयात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. कुठलाही कागद कुठं आहे ते त्यांना ठाऊक होतं. पोरगी बापाचं ऐकत नसेल, पण कागदाचं ऐकेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडल्याबरोबर डॉक्टरबाईनं दिलेला जाड मास्क लावून ते शेवटचे म्हणून खाली उतरले. सातवी रांग, वरून दुसरा खण. जुन्या नोकरांची सेवापुस्तकं आणि त्यांच्या वैयक्तिक फायली. खालच्या खोलीत त्यांच्या आधी तिघं होऊन गेले होते. तिघांच्या फायली काढून त्यांनी पिशवीत घातल्या आणि जिना चढायला घेतला. पाच ठिकाणी थांबले. यावेळी यादी वाचायचं सोंगही केलं नाही. इमारतीच्या मागं, गाड्या लावायच्या जागेशेजारी एक सिमेंटचा बाक आहे, त्यावर उन्हात बसून त्यांनी पहिली फाइल उघडली आणि सवयीनं ती नाकाकडं नेली. अर्ध्यात हात थांबला. मग फाइल मांडीवर ठेवून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ती वाचायला घेतली.

हे पहिल्यांदा म्हणालो ते खरंच. बत्तीस वर्षं कागदांत काढलेल्या या माणसानं कागद कधी वाचले नव्हते. त्यांना काम शिकवलं ते तिघांतल्या तिसऱ्यानं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांचा पहिल्या दिवसाचा पहिला धडा असा, की कागद वाचायचा नाही, क्रमांक वाचायचा. रोज संध्याकाळी वरून ट्रे भरून कागद येतात, एकेक वाचत बसलात तर बुडालात. ज्या कागदावर साहेबांनी 'दप्तरी दाखल' असं लिहिलंय, त्याचं जगातलं काम संपलं. त्याला क्रमांक द्यायचा, भोक पाडायचं, दोरीत ओवायचा, खाली सही-तारीख करायची आणि खणात ठेवून द्यायचा. नाकवाले हे व्रतासारखं पाळत आले. त्यांच्या हातून आजवर एक कागद हरवला नव्हता, आणि एक कागद वाचला गेला नव्हता.

पहिला माणूस एकोणपन्नासाव्या वर्षी प्रकृतीच्या कारणानं नोकरी सोडून गेला होता. पुढच्या वर्षी त्याच्या बायकोनं कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी केलेला अर्ज लावलेला होता, म्हणजे तो गेलाच. दुसऱ्याच्या फाइलीत रजेचे अर्ज सतरा, आणि सतराही अर्जांत खोकला आणि धाप. नाकवाले पान उलटत राहिले. हे सगळं त्यांच्या डोक्यावरच्या खणात होतं. ते रोज त्याच्याखाली बसून डबा खात होते. तिसरी, मास्तरांची फाइल उघडायचा त्यांना धीर झाला नाही.

दुपारच्या सुट्टीत माऊ त्यांना शोधत मागच्या अंगणात आली. तिच्या हातात डबा होता आणि कपाळावर आठ्या. "इथं का बसलात? तीन वाजता मॅडमनी बोलावलंय सहीला."

"बस," ते म्हणाले. "हे वाच."

तिनं पहिल्या दोन फायली वाचल्या. आठ्या हळूहळू गेल्या. डबा बाकावरच राहिला. मग तिनं मास्तरांची फाइल घेतली. "हे तर सिगारेटनं गेले ना? तुम्हीच सांगायचात."

सगळेच तसं सांगायचे. मास्तर दिवसाला दोन सिगारेटी ओढायचे, एक सकाळी, एक घरी जाताना. त्यांना खोकला झाला तेव्हा कार्यालयातल्या धूर काढणाऱ्या प्रत्येकानं मास्तरांना दोष दिला होता. नाकवाल्यांना शिकवून दोन महिने झाले आणि मास्तर रजेवर गेले, ते परत आलेच नाहीत.

माऊ पानं उलटता उलटता एका कागदावर थांबली. निळ्या शाईतलं, तिरकं, बारीक अक्षर. नाकवाल्यांनी ते लांबूनच ओळखलं. "वाच मोठ्यानं," ते म्हणाले. "मला दम नाही."

माऊ वाचू लागली. "मी गेली एकोणीस वर्षे तळघरातील खोलीत काम करीत असून सध्या आजारी रजेवर आहे. सदर खोलीस खिडकी नाही. भिंतीस व कागदांस बुरशी आहे. माझ्या आधीचे दोघेही छातीच्या विकारानेच गेले, हे मी त्यांच्या फायली वाचून खात्री करून घेतले आहे. मी धूम्रपान करतो म्हणून सर्वजण मला हसतात, परंतु डॉक्टरांनी माझा आजार बुरशीमुळे असल्याचे लेखी दिले असून ते सोबत जोडले आहे."

म्हणजे मास्तरांनीही वाचलं होतं. उशिरा, पण वाचलं होतं. नाकवाल्यांनी बाकाची कड घट्ट धरली.

"माझे जे व्हायचे ते झाले," माऊ वाचत होती, आणि आता तिचा आवाज खाली आला होता. "ही विनंती माझ्यासाठी नाही. माझ्या जागी आलेला मुलगा कामाला चोख व स्वभावाने गरीब आहे. फायली हुंगून साल ओळखण्याची सवय त्याला मी लावली. वेळ जावा म्हणून, मजेमजेत लावली. ती माझी चूक आहे. कृपया त्याला त्या खोलीतून काढावे व पुन्हा कोणासही तेथे बसवू नये. हे होण्यास वेळ लागणार असल्यास निदान हा अर्ज तरी त्यास वाचावयास द्यावा."

माऊ थांबली. कागदाच्या समासात दुसऱ्या हातानं, काळ्या शाईत, दोन ओळी होत्या. त्या तिनं मनातच वाचल्या आणि मग बापाकडं बघत मोठ्यानं वाचल्या. "नवीन कर्मचाऱ्याची काही तक्रार नाही. दप्तरी दाखल."

त्याखाली क्रमांक होता. क्रमांकाखाली तारीख. तारखेखाली एक सही होती, जरा जास्तच वळणदार, नवीन नोकरी लागलेल्या माणसाची असते तशी.

"बाबा," माऊ म्हणाली, "ही सही तुमची आहे."

नाकवाल्यांनी होकारार्थी मान हलवली. भोकही त्यांनीच पाडलं होतं. कागदाच्या अगदी मधोमध, दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर, मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे.

"तुम्ही वाचलं नव्हतंत?"

"क्रमांक वाचला होता," ते म्हणाले.

मग त्यांना ते आठवलं. त्याच सुमाराला ते मास्तरांना भेटायला घरी गेले होते. मास्तर उशा रचून बसवलेले, ओठ निळसर, आणि दारात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी विचारलं होतं, "वरनं माझं काही आलं का रे खाली?" आणि चोवीस वर्षांच्या नाकवाल्यांनी अगदी मनापासून सांगितलं होतं, "काही नाही आलं, मास्तर. आलं की लगेच कळवतो." मास्तर बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिले आणि मग "बरं" म्हणाले. अकरा महिन्यांनी ते गेले. तेवढ्या दिवसांत नाकवाले आणखी तीनदा भेटायला गेले होते, आणि तिन्ही वेळा त्यांनी तेच उत्तर दिलं होतं.

हे त्यांनी माऊला सांगितलं. थांबत थांबत, श्वास घेत घेत, पण सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला, पुन्हा घातला, फाइल बंद केली आणि बापाचा हात धरून त्यांना उठवलं.

मॅडमच्या टेबलावर चार्जचा कागद तयार होता, सहीच्या जागी पेन्सिलनं फुली मारलेली. "या, या," त्या हसून म्हणाल्या. माऊनं मास्तरांची फाइल त्यांच्यापुढं उघडून ठेवली. मॅडम उभ्या उभ्याच वाचायला लागल्या, आणि मग खाली बसल्या. 'बुरशी' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. सहीवर थांबलं. त्यांनी नाकवाल्यांकडं पाहिलं आणि पुन्हा सहीकडं. बाई वाईट नव्हती. खालच्या खोलीत त्या सहा वर्षांत चारदा गेल्या असतील, आणि चारही वेळा टाळ्या वाजवायला.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "हे... हे मी बघते. नक्की बघते." आणि बोलता बोलता त्यांच्या हातानं सवयीनं पेनाचं टोपण काढलं आणि पेन समासातल्या रिकाम्या जागेकडं निघालं.

नाकवाल्यांनी पुढं होऊन कागदावर तळहात ठेवला. बत्तीस वर्षांत त्यांनी कुठल्या साहेबाच्या टेबलाला हातही लावला नव्हता.

"मॅडम, यावर लिहू नका," ते म्हणाले. धाप लागत होती, पण शब्द तुटू न देता ते बोलले. "लिहिलंत की कागद खाली येतो. आणि खाली आम्हीच असतो."

मॅडमचं पेन तसंच हवेत राहिलं. "मग काय करू?"

"तोंडानं सांगा. आत्ता. माझ्यासमोर."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. चार्जचा कागद उचलून त्याचे दोन तुकडे केले. मग घंटी वाजवली आणि शिपाई आल्यावर त्याला सांगितलं, की खालच्या खोलीला कुलूप लाव, किल्ली मला आणून दे, आजपासून तिथं कुणीही उतरायचं नाही, फाइल अडली तर अडू दे, आणि या मुलीचं टेबल इथं वर, खिडकीशी लाव. शिपाई बरं म्हणून दार ओढून गेला. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

नाकवाले समोरच्या खुर्चीवर मटकन बसले. सुटका झाल्यासारखं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. ते नुसते त्या बंद झालेल्या दाराकडं बघत होते आणि लेकीला पुन्हा पुन्हा विचारत होते, "एवढंच होतं? माऊ, एवढंच होतं का गं?"